मंगळवारी रात्री दिवे मोजा

मा. नगराध्यक्ष,
लोणावळा नगर परिषद, यांस



मी पडदे शिवतो. बाजारपेठेतल्या एका बोळात माझं दुकान आहे. माझ्याआधी वडील तिथेच बसायचे. दोघांच्या मिळून अकरा वह्या झाल्या आणि त्यांत अर्ध्या लोणावळ्याच्या खिडक्या आहेत. आपल्या घराच्याही असतील तर नवल नाही. प्रत्येक पानावर बंगल्याचं नाव, खोली, खिडकीची उंची-रुंदी फूट-इंचांत, कापडाचा पन्हा, अस्तर हवं की नको, आणि सगळ्यांत खाली वडिलांनी आखलेला एक रकाना: ‘कोणापाशी द्यायचे’. मला जे सांगायचं आहे ते त्या शेवटच्या रकान्याबद्दल आहे.

माझी विनंती साधी आहे. एखाद्या मंगळवारी रात्री नऊच्या सुमाराला गावातून फेरी मारा आणि दिवा लागलेली घरं मोजा. शनिवारी नको. शनिवारी लोणावळ्यात प्रत्येक घर राहतं दिसतं. मंगळवार हा दोन्हीकडच्या सुट्ट्यांपासून सगळ्यांत लांबचा वार, त्या रात्री जो घरात असतो तोच इथे राहतो. तुंगार्लीच्या चढावर मी मागच्या आषाढात अशी फेरी मारली. एका रस्त्यावर डाव्या हाताला सतरा घरं. दोन घरांत दिवा होता, त्यातला एक गुरख्याच्या खोलीतला.

भुशी धरणाच्या पायऱ्यांवरच्या गर्दीबद्दल मी लिहीत नाही, हे आधीच सांगतो. 30 जून 2024 ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हापासून त्या गर्दीवर पुष्कळ लिहून झालं आहे, बंदोबस्तही लागतो. गर्दी डोळ्यांना दिसते, म्हणून तिची दखल घेतली जाते. रिकामेपणाची कुणी तक्रार करत नाही, कारण तक्रार करणारा माणूसच तिथून गेलेला असतो.

आमचं सोन्यासारखं जुनं गाव बाहेरच्यांनी येऊन नासवलं, असंही मला म्हणायचं नाही. म्हणायला तोंडच नाही. वलवण, तुंगार्ली, भुशी, नांगरगाव ही मावळातली जुनी शेतकरी गावं. पण ज्याला आपण लोणावळा शहर म्हणतो ते बाहेरच्यांनीच वसवलं. 1858 साली खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली, 1863 साली बोरघाट रुळांनी जोडला गेला, आणि घाटमाथ्यावर इंजिनं, इंजिनांचे कारखाने, इंजिनांना पाणी पाजणारी धरणं आणि या सगळ्याला लागणारी माणसं जमली. माझे आजोबा साताऱ्याकडून आले ते वाफेच्या इंजिनावर आगवाला म्हणून. पर्यटनाच्या पत्रकांत मात्र अजून छापतात की 1871 साली गव्हर्नर एल्फिन्स्टनने हे गाव शोधून काढलं. मुंबईला एल्फिन्स्टन नावाचे दोन गव्हर्नर झाले. एक 1859 साली वारला, दुसरा 1860 साली. मेल्यावर अकरा-बारा वर्षांनी थंड हवेचं ठिकाण शोधायला निघालेला साहेब म्हणजे कमालच. नगर परिषदेने निदान स्वतःच्या फलकांवर तरी हे छापू नये.

त्याहून मागे जायचं तर कार्ल्याला जा. तिथल्या चैत्यगृहातले खांब कुणी दिले ते खांबांवरच कोरलेलं आहे. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. आणि ते शैलगृह पुरं केल्याचा मान वैजयंतीच्या, म्हणजे थेट कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठजीकडे जातो. दोन हजार वर्षांपूर्वीही या डोंगरात पैसा बाहेरूनच आला. फरक इतकाच की देणगी देणारा खांबावर नाव कोरून गेला आणि लेण्यात राहायला भिक्खू होते.

आमच्याकडेही पुष्कळ काळ असंच होतं. मुंबईचे पारशी, गुजराती, बोहरी शेठ इथे बंगले बांधत आणि वर्षातले दोन महिने येऊन राहत, एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीत. बाकी दहा महिने बंगला माळ्याचा. माळी म्हणजे नुसता झाडांना पाणी घालणारा नव्हे. आमच्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. त्यात बंद घर दोन पावसाळ्यांत मरतं. ज्येष्ठ लागला की माळी पडदे उतरवायचा, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत भरायचा, पश्चिमेच्या भिंतींना गवताची झापं बांधायचा, आठवड्यातून एकदा खोल्याखोल्यांतून कोळशाची शेगडी फिरवायचा. कौल सरकलं तर रात्री गळतीखाली पाटी लावायचा. दसऱ्याला पडदे परत चढायचे, त्याच्या आधी डागडुजीला माझ्या वडिलांकडे यायचे. जुन्या बंगल्यांच्या पडद्यांना दुहेरी अस्तर असे, थंडीसाठी नव्हे, बुरशीचे ठिपके पुढच्या कापडावर उमटू नयेत म्हणून. हे अस्तर वडील एका माळिणीकडून शिकले. तिला शिवण येत नव्हतं, पण बंगला कुठे कुठे ओलावतो ते तिला हातावरच्या रेषांसारखं पाठ होतं.

तर वहीतला तो रकाना. 1960 पासून पुढची तीसेक वर्षं त्यात एकेक नाव आहे. मामा, तात्या, अमक्याची आई. मालकाचं नाव वरच्या कोपऱ्यात, लहान अक्षरात. मालक कोण याच्याशी आमचं काम बिलापुरतं. माप घेताना दार उघडणारा, पडदा ताब्यात घेणारा, पुढच्या वर्षी ‘तो पूर्वेचा आखूड पडला’ म्हणून सांगणारा माळी. त्याची मुलं नगर परिषदेच्या शाळेत माझ्या बाकावर होती. माळ्याचं घर हे शेठच्या दयेवर होतं, हे मी विसरत नाही. पगार तुटपुंजा, कागद एकही नाही. त्या दिवसांना सोन्याची झालर लावायची माझी इच्छा नाही. पण बंद बंगल्याच्या मागच्या खोलीत एक कुटुंब असे, त्याची चूल पेटे, त्याचा किराणा इथल्या दुकानातून जाई. मंगळवारी रात्री दिवा असे.

दिव्यांवरून आठवलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज देणारं खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 साली सुरू झालं, ते आमच्या पावसावर. लोणावळा, वलवण, शिरवता ही तीन तळी घाटमाथ्यावर बांधली आणि पाणी नळांतून खाली सोडलं. (पलीकडच्या खोऱ्यात मुळशीला याच कामासाठी जमिनी घ्यायला आले तेव्हा, 1921 साली, सेनापती बापटांच्या मागे मावळे उभे राहिले. धरण झालंच.) गिरणगावाची चाकं इतकी वर्षं आमच्या पाण्याने फिरली. मग 1982 चा संप झाला, गिरण्या मोडल्या, त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. आता माझ्या बिलांवरचे पत्ते पाहा. वडिलांच्या काळात दादर पारशी कॉलनी, ग्रँट रोड, गिरगाव. आज लोअर परळ, लोअर परळ, वरळी, पुन्हा लोअर परळ. 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला तेव्हापासून लोणावळा मुंबईला दोन-अडीच तासांवर आलं आणि पुण्याला तासाभरावर. जे पाणी खाली गेलं होतं त्याची वाफ होऊन ते परत वर आलं, असं मी गमतीने म्हणतो. गिऱ्हाईक हसतं आणि आगाऊ रक्कम देतं.

हो, गिऱ्हाईक चांगलं आहे. हे लपवून पत्र लिहिलं तर ते खोटं होईल. गेल्या दहा वर्षांत मी जेवढं कमावलं तेवढं वडिलांनी चाळीस वर्षांत कमावलं नाही. एकेका व्हिलात सहा-सहा शयनगृहं, जमिनीपासून छतापर्यंत काच, तिला अठरा फुटी पडदा, त्याच्या मागे ब्लॅकआउटचं कापड. ब्लॅकआउट का, तर रात्री तीनला झोपलेल्या पाहुण्यांना सकाळ व्हायला नको असते. डोंगर बघायला माणसं येतात आणि डोंगर झाकायला मला पैसे देतात! माझी वहिनी याच व्हिलांना पिठलं-भाकरीचे आणि कोंबडीच्या रश्श्याचे डबे पुरवते. इंद्रायणी तांदळाचा भात हवा असतो त्यांना, आणि तो वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेला मावळचा वाण आहे, हेही ती त्यांना सांगते. आमच्या घरात दोन मिळवते हात या व्हिलांवर आहेत. म्हणून व्हिला बंद करा असं मी म्हणत नाही.

मी एका खिडकीबद्दल सांगतो. तुंगार्लीतला एक जुना बंगला, नाव लिहीत नाही. कौलारू, पुढे रुंद ओसरी, सागाचे खांब, मागे माळ्याची एकच खोली. त्या खोलीत मी लहानपणी पुष्कळ वेळा भाकरी खाल्ली आहे, कारण त्या घरातला मुलगा माझा मित्र. मालकीणबाई वारल्या, त्यांची मुलं परदेशात, बंगला विकला गेला. नव्या मालकाने तो पाडला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. खांब घासून तेल लावलं, कौलं धुऊन पुन्हा बसवली, दारावर ‘हेरिटेज’ अशी पितळी पाटी लावली. खरोखर देखणं काम. मला बोलावलं ते सगळ्या बंगल्याचं माप घ्यायला, आणि शेवटी मागच्या खोलीकडे नेलं. ती आता जोडप्यांसाठीची वेगळी खोली होणार होती, तिचं रात्रीचं भाडं सगळ्यांत जास्त.

त्या खिडकीला कधी पडदा नव्हता. माझ्या मित्राच्या आईचं जुनं लुगडं दोरीवर असायचं. माप घेतलं: सव्वादोन फूट बाय तीन. अकरा वह्यांत हे माप नव्हतं, कारण माळ्याच्या खिडकीला कुणी पडदा शिवून घेत नसे. खिडकीच्या वर भिंतीत एका ओळीत नऊ खिळे होते, बंगल्याच्या किल्ल्या अडकवायचे. कुठली किल्ली कुठल्या खिळ्यावर हे त्या घरातल्या पोरांनाही अंधारात सांगता यायचं. आता पुढच्या दाराला आकड्यांचं कुलूप बसलं आहे, आकडे पाहुण्याच्या मोबाईलवर येतात आणि तो गेला की बदलतात. पडद्याचा ब्रॅकेट बरोबर त्या खिळ्यांच्या जागी येत होता. मी खिळे काढले. फेकवले नाहीत, दुकानात बटणांच्या डब्यात आहेत. वहीत नेहमीसारखं माप लिहिलं, कापड लिहिलं आणि शेवटच्या रकान्यापाशी अडलो. कोणापाशी द्यायचे? पडदे घ्यायला मोटारसायकलवर एक मुलगा आला. तो अशा आठ व्हिला सांभाळतो, कामशेतहून येतो. माझा मित्रही आता कामशेतच्या पुढे राहतो.

या प्रकाराला इंग्रजीत एक शब्द आहे आणि तो आता मराठी वर्तमानपत्रांतही दिसतो: जेंट्रिफिकेशन. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 साली लंडनच्या जुन्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना तो घडवला. पडकी, साधी घरं पैसेवाल्यांनी घेतली, सुंदर केली, आणि वस्ती सुधारता सुधारता वस्तीतली माणसंच बदलली, असा त्याचा अर्थ मला मुलीने सांगितला. विद्वान त्याला मराठीत ‘उच्चभ्रूकरण’ म्हणतात. आमच्या गल्लीत म्हणतात, ‘परवडेना, गेले’. पण लंडनच्या त्या घरांत नवी माणसं राहायला तरी आली. इथे घर सुंदर होतं आणि राहायला कुणीच येत नाही, यासाठी मात्र ना त्या बाईंकडे शब्द आहे ना आमच्याकडे.

माझी मुलगी इथेच एका शाळेत शिकवते आणि तळेगावला राहते. जावयाने आणि तिने लोणावळ्यात दोन खोल्यांचं घर वर्षभर शोधलं. भाड्याने देणारे पुष्कळ भेटले. पण अकरा महिन्यांचा करार करून महिन्याला जेवढं मिळेल तेवढं दोन शनिवार-रविवारांत मिळत असेल तर मालकाने करार का करावा? मी त्याच्या जागी असतो तर मीही केला नसता. म्हणून सकाळच्या पुण्याहून येणाऱ्या लोकलचे डबे पाहा. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली करत लोणावळ्याचे शिक्षक, परिचारिका, हॉटेलांतले आचारी, चिक्कीच्या दुकानांतल्या बायका खाली उतरतात. माझ्या लहानपणी हीच माणसं लोणावळ्याहून कामाला बाहेर जात असत. गाव तेच, लोकल तीच, फक्त माणसांचं तोंड फिरलं.

बाजारातही हे दिसतं, पण हळूच. आमच्या बोळातली पिठाची गिरणी बंद झाली, दळणच येईना. छत्र्या दुरुस्त करणारा गेला, आणि लोणावळ्यात छत्री दुरुस्त होत नाही हे वाक्य लिहिताना मला अजून विचित्र वाटतं. शेजारच्या वाण्याने डाळी मागे ढकलून पुढे रेनकोट, पोहण्याच्या हवेच्या कड्या आणि कोळशाच्या पिशव्या मांडल्या आहेत. एका पडक्या वाड्याचं उपाहारगृह झालं. त्याच्या भिंतीवर शोभेला जुनी शिलाई मशीन टांगली आहे, माझ्या वडिलांकडे होती तीच बनावट. मी कॉफी पिताना तिच्याकडे पाहत होतो. पट्टा चुकीच्या बाजूने घातला होता.

आता आपल्या हातात काय आहे ते. आपल्या नगर परिषदेला मोजता येतं, हे साऱ्या देशाने पाहिलं आहे. 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत विटा पहिलं, लोणावळा दुसरं, सासवड तिसरं आलं. घराघरातला ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा मोजणाऱ्या गावाला घराघरातली माणसं मोजणं जड जाऊ नये. 2011 च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या 57,698 भरली. 2027 च्या जनगणनेसाठी घरयादी करणारा माणूस दारात येतो तेव्हा व्हिलाला कुलूप असेल तर तो ‘बंद घर’ लिहून पुढे जाणार. पण बंद घर आणि दर शुक्रवारी उघडणारं घर एक नव्हे, आणि ही दोन्ही घरं माझ्या गल्लीतल्या पंचवीस वर्षं एकाच भाडेकरूला दिलेल्या घरापेक्षा वेगळी. घरपट्टीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा: मालक राहतो, वर्षाच्या कराराने दिलं आहे, रात्रीच्या भाड्याने दिलं जातं, की बंद आहे. एवढं कळलं की पुढचं बोलता येईल. वर्षाच्या कराराने घर देणाऱ्या मालकाला घरपट्टीत सवलत द्यायची का, रात्रीच्या भाड्याच्या घराला व्यवसायाचा दर लावायचा का, ते सभागृह ठरवील. कायद्यात बसतं की नाही ते मुख्याधिकारी सांगतील. मी शिंपी आहे, माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही.

एक मात्र मी मागणारच. रात्रीच्या भाड्याने जाणाऱ्या प्रत्येक घराच्या नोंदीत तिथे रोज राहणाऱ्या माणसाचं नाव असावं. फोन नंबर नव्हे, माणूस. निवास-न्याहारीची मूळ कल्पना तरी काय होती? राहत्या घरातली एखादी खोली पाहुण्याला द्यायची. राहतं घर त्यातून गळलं आणि न्याहारी उरली. माणूस राहिला की रात्री दोनला गाणी आपोआप हळू होतात, पाण्याची टाकी वाहत राहत नाही, शेजारच्याला दार वाजवायला कुणीतरी असतं. आणि गावात एक कुटुंब राहतं, ते दळण आणतं.

‘पर्यटन बंद पडेल’ असं कुणीतरी म्हणेलच. शेजारच्या माथेरानला मोटार शिरू देत नाहीत आणि प्रत्येक पाहुण्याकडून प्रवेशकर घेतात. माथेरान ओस पडलेलं नाही. बार्सेलोनाच्या महापौरांनी 2024 साली जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या 10,101 घरांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर चालू ठेवणार नाहीत. ते बरोबर की चूक हे मला ठरवता येत नाही, आपण तेवढं करावं असंही माझं म्हणणं नाही. पण त्या आकड्यातला शेवटचा एक पाहा. दहा हजार एकशे एक. कुणीतरी बसून नीट मोजलं होतं.

फेरीला मी आपल्याबरोबर येतो. आपण म्हणाल त्या मंगळवारी पावणेनऊला शिवाजी चौकात थांबेन. पाऊस असेल, तेव्हा छत्री आणा, आणि ती मोडकी असली तर खरंच आणू नका, इथे दुरुस्त होणार नाही. बॅटरी आणि अकरावी वही माझ्याकडे असेल. आधी तुंगार्लीचा चढ, मग वलवणवरून खाली येऊन रूळ ओलांडून भांगरवाडी. चालायला दोन तास पुरतील. भांगरवाडीत आमच्याकडे दिवा असतो, चहा तिथे घेऊ.

आपला,
बाजारपेठेतला पडदेवाला